ग्रोथ हार्मोन म्हाताऱ्यांना कशासाठी? गुजरातच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात मी उभी हयात औषधांचं दुकान चालवलं. आता गल्ल्यावर मुलगा बसतो आणि मी सकाळी कमाटीबागेत फिरतो. तिथे सध्या एका क्लिनिकचं रंगीत पत्रक हातोहात फिरतंय: 'थायमस जागवा, विशीची प्रतिकारशक्ती परत मिळवा.' उपाय काय, तर ग्रोथ हार्मोनची, म्हणजे शरीराची वाढ घडवणाऱ्या हार्मोनची इंजेक्शनं. पॅकेजचे पैसे आगाऊ.

पत्रक निम्मं खरं आहे, म्हणूनच माणसं फसतात. थायमस ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे असते. रोगजंतू ओळखणाऱ्या टी पेशी तिच्यात तयार होतात. जॅक मिलर या संशोधकांनी १९६१ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून तिचं काम दाखवून दिलं. तोवर तिला कुणी विचारत नव्हतं. ती लहानपणापासूनच आक्रसू लागते, वयात येताना लैंगिक हार्मोन वाढले की आणखी झपाट्याने, आणि साठीनंतर तिच्या जागी बरीचशी चरबीच उरते. नव्या टी पेशींची आवक आटते. म्हातारपणी न्यूमोनिया जड जातो आणि लसही तरुणांइतकी लागू पडत नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

हार्मोनने ती पुन्हा वाढते का? थोडी आशा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ५१ ते ६५ वयाच्या ९ पुरुषांना वर्षभर ग्रोथ हार्मोन दिलं. बहुतेकांच्या एमआरआयमध्ये थायमसमधली चरबी घटलेली दिसली. पण माणसं नऊच, त्यांत बाई एकही नाही, आणि तुलनेसाठी औषध न दिलेला गटही नाही. शिवाय ग्रोथ हार्मोनने साखर चढते म्हणून संशोधकांनी सोबत मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध आणि डीएचईए हे आणखी एक हार्मोन दिलं होतं. पत्रकात याचा उल्लेखही नाही!

आमच्या बागेतले एक गृहस्थ दुकानात इन्सुलिनच्या सुया मागायला आले. मधुमेह नाही, मग सुया कशाला? तर ग्रोथ हार्मोन टोचून घ्यायला. बघतो तर बोटं सुजलेली, अंगठी निघेना. रक्त तपासायला लावलं, साखर चढलेली. "अहो, क्लिनिकवाले म्हणाले, औषध लागू पडतंय," हे त्यांचं उत्तर. साठी बुद्धी नाठी म्हणून आम्हाला हसू नका. मरणाची भीती वाटणारा माणूस शिकलेला असला तरी पैसे मोजतो.

ग्रोथ हार्मोन ज्यांच्या शरीरात खरोखर कमी आहे, त्यांच्यासाठी ते मोलाचं औषध आहे. तेव्हा सरसकट बंदी नको. अशा क्लिनिकांत औषध कुणाच्या चिठ्ठीवर येतं, बिल कुणाच्या नावाने फाटतं, कुपी फ्रीजमध्ये राहते की टेबलावर, एवढं आपल्या औषध निरीक्षकांनी अचानक जाऊन पाहावं. आणि 'थायमस जागवा' छापणाऱ्याकडे पुरावा मागावा.

दुसरी मागणी पैशांची आहे. न्यूमोकोकल, म्हणजे न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची लस सरकार बाळांना मोफत देतं, ते योग्यच. साठीपुढच्यांना तीच लस आणि दरवर्षीची फ्लूची लस वॉर्डातल्या आरोग्य केंद्रावर मिळावी. म्हाताऱ्यांत ती थोडी कमी चालते, पण चालते. पेन्शनर माणूस या दोन लसींचे भाव ऐकून परत फिरतो, हे मी काउंटरमागून पाहिलंय.

पत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. क्लिनिकचं नाव खोडलंय. आपल्या खात्याचा माणूस आला तर तोंडी सांगेन.

आपला,
दांडिया बाजारातला एक निवृत्त औषधविक्रेता