बेल्ट नाही म्हणून कला नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मार्शल आर्टवरचा पानभर लेख वाचला. उत्तर त्याच रात्री लिहिणार होतो, पण घरच्यांनी ‘आधी झोपा, सकाळी लिहा’ म्हणून दिवा घालवला. सकाळी लेख पुन्हा वाचला. राग उतरायचा तो वाढलाच, कारण रात्री ती खालची चौकट वाचायची राहून गेली होती.

लेखात कराटे आहे, जुदो आहे, ऐकिदो, तायक्वांदो, कुंग फू आहे, जपानी धनुर्विद्यासुद्धा आहे. बॉक्सिंगला मात्र त्या चौकटीत बसवले आहे आणि ‘हा निव्वळ खेळ, यात ना परंपरा, ना तत्त्वज्ञान, ना बेल्ट’ असे म्हणून एका वाक्यात उठवलेही आहे. (बेल्ट म्हणजे कराटेसारख्या कलांत शिकणाऱ्याची पायरी दाखवणारा तो रंगीत कमरपट्टा.) लेखकमहाशयांचे अभिनंदन. इतक्या कमी जागेत इतके चुकणे सोपे नाही.

परंपरेचे आधी उरकतो. इसवी सनापूर्वी ६८८ मध्ये प्राचीन ऑलिम्पिकमध्ये हाताला चामड्याच्या वाद्या गुंडाळून ठोशांची लढत होत होती. आजच्या बॉक्सिंगशी तिचा सलग धागा जोडता येत नाही, म्हणून ती सोडून देऊ. आजच्या बॉक्सिंगचा पाया असलेले क्वीन्सबेरीचे नियम १८६७ चे. तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, हातात ग्लोव्हज, पडलेल्याला उठायला दहा सेकंद, हे सगळे तेव्हाचे. जिगोरो कानो यांनी जुदोची कोदोकान ही शाळा काढली १८८२ मध्ये. ‘तायक्वांदो’ हे नाव तर १९५५ चे. या दोन्ही कला थोर आहेत, वादच नाही. पण त्यांच्या नावाने बॉक्सिंगला परंपरा विचारायची म्हणजे नातवाने आजोबांकडे जन्मदाखला मागण्यातला प्रकार झाला.

आणि खरे सांगायचे तर माझा राग इतिहासापायी नाहीच. तो बेल्टपायी आहे. हा प्रश्न मी पूर्वी ऐकलेला आहे.

तरुणपणी मी बॉक्सिंग करत असे. एकदा मार्शल आर्टच्या प्रात्यक्षिकांचा मोठा कार्यक्रम होता आणि आमच्या सरांनाही बोलावणे आले. आयोजकांनी एक छापील फॉर्म पुढे केला : कलेचे नाव, गुरुपरंपरा, बेल्ट. सरांनी पहिल्या रकान्यात ‘बॉक्सिंग’ लिहिले आणि बाकीचे दोन्ही कोरे ठेवून फॉर्म परत दिला. आयोजकांनी विचारले, ‘बेल्ट कोणता?’ सर म्हणाले, ‘आमच्यात नसतो.’ मग दुसरा प्रश्न आला, ‘बरं, फोडायला काय आणलंय?’ काहीच आणले नव्हते. इतरांनी कौले आणली होती, विटा आणल्या होत्या, एकाने बर्फाची लादी आणली होती. आम्ही दोरी आणि ग्लोव्हज घेऊन गेलेलो. ‘मग लोक बघणार काय?’ असे म्हणून साहेबांनी आम्हाला यादीत सर्वांत खाली टाकले. खाली म्हणजे बक्षीस समारंभाच्याही नंतर. खुर्च्या एकात एक घालणे चालू होते, माइकवाला वायर गुंडाळत होता, आणि सर म्हणाले, ‘करायचं.’ तेव्हा केले.

मी शॅडो बॉक्सिंग करत असताना मागून कोणीतरी ओरडले, ‘अरे, हवेत कुणाला मारतोय?’ हशा पिकला. त्याच मंडळींनी थोड्या वेळापूर्वी काता बघून टाळ्या वाजवल्या होत्या! काता म्हणजे तरी काय, समोर प्रतिस्पर्धी आहे असे धरून हवेशीच लढणे. फरक इतकाच की तिथे कपडे पांढरे होते.

तत्त्वज्ञानाबद्दल. आमचे सर त्यावर कधी बोलले नाहीत. पण प्रत्येकाच्या हातावरच्या पट्ट्या ते स्वतः चाचपून बघत आणि मगच ग्लोव्हज चढवू देत, कारण ठोसा वाकडा बसला की करंगळीमागचे हाड जाते. त्याला डॉक्टरही बॉक्सरचे फ्रॅक्चरच म्हणतात. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारलेला हात गालाशी परत आला नाही, तर पुढचे काही शिकवायचे नाही. आणि स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, नवख्या पोरावर कोणी पूर्ण ताकद काढली, की त्याची स्पॅरिंग बंद. आठवडाभर त्याच नवख्यासमोर पॅड धरून उभे राहायचे आणि त्याचे ठोसे झेलायचे. आता याला तत्त्वज्ञान म्हणायला भिंतीवर कुणाची तसबीर लागत असेल, तर ती नव्हती, एवढे कबूल.

लेखकाचा उरलेला मुद्दा असा की बॉक्सिंगमध्ये फक्त हात वापरतात, सबब ती अपुरी. जुदोच्या सामन्यात ठोसा मारता येत नाही. त्या जपानी धनुर्धराला तर समोरून कोणी बाण मारत नाही. ते चालते, बॉक्सरने लाथ मारली नाही की मात्र कमीपणा! मुळात हे हातांपुरते राहणे ठरवून केलेले आहे. क्वीन्सबेरीच्या आधी कमरेच्या वर पकडून प्रतिस्पर्ध्याला आपटण्याची मुभा होती, ती काढून टाकली. कानो यांनीही जुदोत तेच केले. ठोसे कातापुरते ठेवले आणि सरावातून वगळले. थोडक्या गोष्टी ठेवल्या की त्या पूर्ण जोराने, उलट मारणाऱ्या माणसावर, रोज करून बघता येतात. माझ्या लेखी लढण्याची कला ती हीच. ब्रूस ली यांना तुम्ही पानाच्या मधोमध छापले आहे. त्यांनी १९५८ मध्ये हाँगकाँगला शालेय बॉक्सिंग स्पर्धा जिंकली होती आणि पुढे स्वतःच्या पद्धतीत बॉक्सिंगमधून बरेच काही घेतले, हे त्या फोटोखाली एका ओळीत मावले असते.

बॉक्सरची फजिती झालेली नाही असे मी म्हणत नाही. १९९३ मध्ये डेन्व्हरला पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या कलांच्या लढवय्यांना एकमेकांशी भिडवणाऱ्या स्पर्धेत, आर्ट जिमरसन हा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला. जमिनीवरच्या पकडींत तरबेज रॉयस ग्रेसीने त्याला जमिनीवर घेतल्यावर काय करायचे हे त्याला सुचले नाही आणि त्याने हार मानली. लेखकाने हा दाखला दिला असता तर मी गप्प बसलो असतो, निदान दुपारपर्यंत. पण त्यानंतर अशा लढतींत उतरणाऱ्या कुस्तीगिरांनाही जॅब आणि फूटवर्क शिकावेच लागले, हेही मग लिहावे लागले असते. बेल्टची बात सोपी पडते.

आता छायाचित्राविषयी. त्या चौकटीत ‘बॉक्सिंगमधील एक थरारक क्षण’ या ओळीवर जे छापले आहे, त्यातल्या गृहस्थाचा पाय समोरच्याच्या कानापर्यंत पोहोचलेला आहे. ते किकबॉक्सिंग असावे. बॉक्सिंगमध्ये असे केले तर पंच घरी पाठवतात. आपल्याकडे छायाचित्र निवडणारे आणि त्याखालची ओळ लिहिणारे वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात काय?

जाता जाता : मागे हेडगार्डबद्दल मी पाठवलेले पत्र आपण निम्मे कापून छापले होते. जे उरले त्यावरून, मी ज्यांना विरोध करत होतो त्यांचाच पाठीराखा ठरलो, आणि दोन जुन्या मित्रांनी फोन करून अभिनंदनही केले. या वेळी जागा कमी पडली तर माझी झोप आणि घरच्यांनी घालवलेला दिवा खुशाल काढा. जिमरसनला हात लावू नका, नाहीतर मी एकतर्फी लिहितो असे म्हणायला लोक मोकळे. आणि छायाचित्राचा खुलासा येत्या रविवारी त्याच चौकटीत यावा, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक
(बेल्ट : नाही)