वकीलसाहेब, तुम्ही आधी ऐकलंत

वकीलसाहेब, नमस्कार. नाव लिहायचं नाही म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण बेळगावात चन्नम्मा सर्कलजवळच्या कोर्टात गुणगुणत जिने चढणारे वकील म्हटलं की ओळखणारे ओळखतीलच.

बाबांनी १९९९ साली गावच्या देवळात म्हटलेल्या अभंगांची कॅसेट गेल्या वर्षी नेटवर सापडली, खाली भलत्याच मंडळाचं नाव, आणि ते एका कंपनीच्या चॅनलवर. बाबा दोन दिवस जेवले नाहीत बघा. पैशाचं काही नव्हतं, माझा आवाज दुसऱ्याच्या नावावर कसा, एवढंच ते विचारत होते. आम्ही ज्याला त्याला विचारलं तर सगळ्यांचं एकच, अभंग तुकोबांचे, तुमचा हक्क कसला.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी कागदांची फाईल पुढे केली आणि तुम्ही म्हणालात, कागद राहू दे, गाणं लाव. जेवणाच्या सुट्टीत कोट खुर्चीला टांगून, हेडफोन लावून, डोळे मिटून तुम्ही आधी आमची कॅसेट ऐकलीत मग त्यांचं रेकॉर्डिंग, आणि पक्षकार बाहेर ताटकळत असताना परत एकदा ऐकलीत. त्यांनी रेकॉर्डिंग किंचित फास्ट केलं होतं, पेटीच्या काळी एक पट्टीतलं गाणं लगतच्या पांढरी दोनवर गेलेलं, त्यामुळे बाबांचा आवाज आम्हालाच परका वाटायचा. तुम्ही मात्र विचारलंत, "तुमच्या पेटीची पांढरी सात उतरलेली आहे काय ओ?" बाबांनी मान हलवली. "मग झालं की. सगळं गाणं अर्ध्या सुरानं वर गेलंय आणि कोमल निषाद, म्हणजे काळी एकच्या गाण्यात तुमची पांढरी सात, अजून तेवढाच उतरलेला आहे, ही तुमचीच पेटी."

त्या क्षणी बाबांचा चेहरा कसा झाला ते मला अजून नीट सांगता येत नाही. इतक्या लोकांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांची पेटी ओळखली होती.

मग तुम्ही कायदा समजावलात, तोही आमच्या मराठीत, कारण कन्नड-इंग्रजी कागद बघितले की बाबांना घाम फुटतो. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तो काढणाऱ्याचा. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचाही स्वतःचा हक्क असतो, कॉपीराइट कायद्याचं कलम ३८, तो ५० वर्षं टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं कलाकार म्हणून आपलं नाव लावून मागायचा हक्कही दिलाय. कंपनी लांबची असली तरी कलम ६२ मुळे दावा इथंच, जिल्हा कोर्टात लावता येतो, हे ऐकून मला केवढा धीर आला. मुंबईला खेटे घालायची आमची ऐपत नव्हती.

नोटीस लिहिताना तुम्ही विचारलंत, मृदंग कोण वाजवतंय? टाळ कुणाचे? कोरसमध्ये कोण? बाबा म्हणाले नुसतं माझं नाव घाला, बाकीच्यांतले दोघे तर वारलेत. तुम्ही पेन खाली ठेवलंत. वाजवणारासुद्धा कायद्याच्या भाषेत कलाकारच, म्हणालात, आणि सातही नावं घातल्याशिवाय नोटीस गेली नाही. संगीतशास्त्र लिहिणाऱ्या पंडित भातखंडेंची गोष्ट तेव्हाच सांगितलीत, की १८८७ साली कायद्याची पदवी घेतलेला, कराचीत वकिली केलेला माणूस पुढे वकिली सोडून गावोगाव हिंडून उस्तादांच्या चिजा लिहून घेत बसला. गाणाऱ्याकडे जाऊन बसायचं, ऐकायचं, नीट टिपून ठेवायचं, हे मला तुमच्याकडे बघून कळलं.

दावा लावायची वेळच आली नाही. कंपनीनं नावं घातली, चुकीचं मंडळ काढलं, थोडे पैसेही दिले, ते सातांच्या घरी वाटले. मृदंगवाल्या काकांची मुलगी लग्न होऊन निपाणीला असते, तिनं फोन केला, वडिलांचं नाव दिसतंय म्हणाली आणि पुढं बोलताच येईना तिला. तो फोन खरं तर तुम्हाला यायला पाहिजे होता.

तुम्ही फक्त टपालखर्च घेतलात. वर बाबांना म्हणालात, पेटी दुरुस्त करू नका, पुरावा आहे तो.

येत्या एकादशीला या की ओ. वहिनींनाही आणा. पांढरी सात अजून तशीच आहे, बाबा कुणाला हात लावू देत नाहीत.