वाड्यातलं कासव: जात कोणती, नर की मादी?

पुणे, १४ जून

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि आत्यांच्या वाड्यातल्या कासवाचे फोटो मिळाले. आधी जात ठरवू, मग नर-मादी. क्रम उलटा करून चालत नाही, कारण नर-मादीच्या खुणा जातीगणिक बदलतात. दुकानात विकतात त्या लाल कानवाल्या कासवात नराची पुढची नखं लांब असतात. ती खूण जमिनीवरच्या कासवात शोधलीस तर हाती काही लागणार नाही.

पाठीवर चांदण्या दिसल्या म्हणून घरात सगळे त्याला स्टार कासव म्हणत आले. बहुधा बरोबरच आहे, पण नक्षी शेवटी बघायची. सुरुवात पायांपासून कर. जमिनीवरच्या कासवाचे पाय खांबासारखे जाडजूड असतात, बोटांमध्ये पडदा नसतो. पडदा दिसला तर ते पाण्यातलं. मग नखं मोज. स्टार कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी एकूण १८. विहिरीत सापडणारं मऊ, चामड्यासारख्या पाठीचं, डुकराच्या नाकाचं कासव असेल तर प्रत्येक पायाला तीनच नखं. पोटाखाली मागच्या पायांवर झाकणासारख्या पाळ्याही दिसतील. काळपट पाठ, तिच्यावर लांबीला तीन उंच कडा आणि बोटांत पडदा असेल तर ते आपल्याकडचं काळं कासव. वीस नखांच्या कासवामुळे पैशांचा पाऊस पडतो म्हणून गावोगाव फसवणारे फिरतात. कुणी नखं मोजायला दारात आलंच तर त्याला उंबरा ओलांडू देऊ नकोस.

पाय जुळले की मानेच्या वर, पाठीच्या कवचाच्या अगदी पुढच्या काठाला मधोमध बघ. पुष्कळ कासवांना तिथे एक छोटा अरुंद खवला असतो, स्टार कासवाला नसतो. दोन्ही बाजूंचे कडेचे खवले थेट एकमेकांना भिडतात. मागे शेपटीवरचा खवला मात्र एकच, न दुभंगलेला. मधल्या रांगेत पाच मोठे खवले, त्यांच्या दोन्ही बाजूंना चार-चार. वाड्यातल्या कासवांत एखादा खवला कमी-जास्त निघतो, तेवढ्यावरून जात बदलत नाही.

आता नक्षी. प्रत्येक मोठ्या खवल्याच्या मध्यावर पिवळा ठिपका आणि त्यातून साधारण ६ ते १२ पिवळ्या रेषा फाकलेल्या असतात. खरी परीक्षा पोटाकडे आहे. आपल्या स्टार कासवाच्या पोटावरही काळ्या-पिवळ्या रेषा फाकतात. म्यानमारमधल्या स्टार कासवाच्या पोटावर नुसते काळे डाग असतात आणि पाठीवरच्या रेषाही कमी. तुझ्या तिसऱ्या फोटोत पोट आहे, पण शेणामातीनं भरलेलं. ओल्या मऊ ब्रशनं पुसून पुन्हा फोटो काढ. तेल लावून चकचकीत करू नकोस. घासून घासून जुन्या कासवांची नक्षी फिकी पडलेली असते, तेव्हा काठाजवळचे खवले बघायचे. पाठीवरचे उंचवटे थोडेफार या जातीचेच आहेत, पण टोकदार सुळके आले असतील तर लहानपणी कोरड्या हवेत आणि चुकीच्या खाण्यावर वाढल्याची ती खूण. खवल्यांवरची वळी मोजून वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. एका वर्षात दोन वळीही पडतात आणि म्हातारपणी त्या झिजून जातात.

लांबी टेपनं मोजून २४ सेंटीमीटर लिहिली आहेस. ते माप पाठीच्या वळणावरून घेतलेलं दिसतं. घुमटाकार पाठीवर ते बरंच जास्त भरतं. कासव सपाट फरशीवर ठेव, पुढे आणि मागे एकेक जाड पुस्तक उभं लाव आणि त्या दोन पुस्तकांमधलं अंतर पट्टीनं मोज. या जातीचा नर २० सेंटीमीटरच्या पुढे सहसा जात नाही, मादी त्याहून मोठी आणि रुंद होते. सरळ मापानंही २२-२४ आलं तर मादीकडे झुकायला हरकत नाही, मग आत्या त्याला कितीही ‘राजा’ म्हणोत. माप लहान आलं तर मात्र त्यावरून काही ठरवू नकोस. खुंटलेली मादीही १५ सेंटीमीटरची असू शकते.

नर-मादीसाठी पहिली खूण शेपटी. नराची लांब, बुडाशी जाड, बहुतेक वेळा एका बाजूला दुमडलेली. मलद्वार टोकाकडे. मादीची आखूड, शंकूसारखी आणि मलद्वार बुडाजवळ. दुसरी खूण पोट. नराचं मधोमध खोलगट, मादीचं सपाट. उजेड तिरका पाडून पट्टी आडवी ठेवलीस की खोलगटपणा लगेच कळतो. पण फसगत इथेच होते. कॅल्शियमच्या कमतरतेनं मऊ पडलेलं पोट मादीतही आत दबतं आणि तरुण नराचं पोट सपाटच असतं. साधारण १२ सेंटीमीटरच्या आत कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो अंदाज समज. तिसरी खूण पोटाच्या कवचाची मागची कड आणि पाठीचा शेवटचा खवला यांच्यामधलं अंतर. मादीत ते जास्त असतं, अंडं तिथूनच बाहेर यायचं असतं. दुसऱ्यावर चढणं ही खूणच नव्हे, माद्याही चढतात.

शेपटी आत ओढून घेत असेल तर बोटांनी खेचू नकोस. पसरट तसराळ्यात कोमट, ३० अंशांच्या आसपासचं पाणी घे, हनुवटीच्या खालपर्यंतच, आणि १५ मिनिटं बसव. अंग सैल सोडतं, शेपटी बाहेर येते. या वेळी नर कधीकधी काळपट जांभळं, चांगलंच मोठं लिंग बाहेर काढतो. आतडं बाहेर आलं म्हणून घरात आरडाओरडा होतो. थोड्या वेळात ते आपोआप आत जातं आणि प्रश्नही सुटतो. आत गेलं नाही तर ओल्या कपड्यानं झाकून लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. पोट बघायला उलटं करायचं ते टॉवेलवर, जमिनीजवळ, कुशीवरून हळू, आणि फोटो निघताच त्याच कुशीवरून परत सरळ.

हा खटाटोप नावासाठी नाही. मादी असेल तर नर नसतानाही ती अंडी धरू शकते. खाणं कमी झालं, अंगणात फेऱ्या मारू लागली, मागच्या पायांनी माती उकरू लागली की निदान २० सेंटीमीटर खोल ओलसर भुसभुशीत माती हवी. शहाबादी फरशीच्या अंगणात तिनं उकरायचं कुठे? जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकतात. एक्स-रेमध्ये ती स्पष्ट दिसतात. दर आठवड्याला वजन करून ठेव. खाणं मंदावलेलं असताना वजन वाढलं तर एक्स-रे काढून घे. पालक, काकडी आणि पोळीचे तुकडे बंद. हरळी, जास्वंदीची पानं आणि चघळायला समुद्रफेन (माकुळाचं पांढरं हाड) ठेव.

आता तुला न आवडणारी गोष्ट. स्टार कासव हे आपल्या देशातलं रानटी जनावर. २०२२ च्या दुरुस्तीनं ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत गेलं आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. कितीही वर्षं मायेनं सांभाळलं तरी घरात ठेवता येत नाही. घाबरून ते टेकडीवर किंवा तळ्यात सोडू नकोस. तळ्यात ते बुडेल. टेकडीवर सोडलं तर वाड्यात लागलेले आजार रानातल्या कासवांना देईल. वायव्येकडची आणि दक्षिणेकडची स्टार कासवं आनुवंशिकदृष्ट्या वेगळी, ती भेसळ आणखी वेगळी. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून आपणहून सांग. अंगण नीट धुतलेलं आणि वजनाची नोंद हातात असली की बोलणं सोपं जातं. मी बरोबर येईन, आत्यांना समजवायलाही.

तोवर पाच फोटो पाठव: वरून, बाजूनं, पुसलेलं पोट, शेपटी, आणि पुढचा-मागचा पाय एकत्र. शेजारी पट्टी ठेवून.

तुझा,
विनय