हरिहरहून परत

नाशिक,
मंगळवार, 22 जुलै 2025

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर हे पहिलंच पत्र. मधे तुझे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा मी 'नंतर करतो' म्हणालो, तेव्हा काय शिव्या घालायच्या त्या आधीच घालून घे. तब्येत ठीक. साखर थोडी वर, वजन बरंच वर. झालं.

रविवारी हरिहर गडाच्या ट्रेकवरून परत फिरलो. 34 माणसं घेऊन गेलो आणि पायऱ्यांच्या तोंडावरून खाली आणली. (खरं तर 32. उरलेल्या दोघांचं पुढे येईलच.) बंड्याला सांगितलं तर "बरं केलंस" म्हणाला आणि लगेच कांद्याच्या भावावर गेला. हिला सांगितलं तर म्हणाली, "मग वाईट काय झालं?" वाईट काहीच झालं नाही रे, तोच तर घोळ आहे. म्हणून तुला लिहितोय.

निरगुडपाड्याला पोचलो तेव्हाच गाड्या शेतात शिरल्या होत्या. मी 'आलोय तर बघू' म्हणत सगळ्यांना वर घेतलं. चूक झाली असेल तर ती इथे, हे आज कळतंय. पठारावर आलो आणि धुकं जरा फाटलं. आपण तिथं थांबून पायऱ्या मोजायचो, आठवतं? तू 117 म्हणायचास, बंड्या 115, आणि परत येईपर्यंत भांडण. परवा मोजायला पायऱ्याच दिसत नव्हत्या. खालपासून दरवाजापर्यंत नुसते रंगीबेरंगी रेनकोट. एका माणसाच्या रुंदीची ती शिडी, त्यावर चढणारेही आणि उतरणारेही. खोबणीत बोटं घालायची तर तिथं आधीच कुणाचा तरी हात. पायऱ्यांवरून पाणी उतरत होतं, फार नाही, पावलं बुडतील एवढं.

मी ताटकळत उभा. अर्धा तास गेला. आपल्यातली एक बाई, वय 58, नवरा गेल्यावर पहिल्यांदाच एकटीनं कुठेतरी बाहेर पडलेल्या, मला म्हणाल्या, "सर, मला फक्त त्या दरवाजात एकदा बसायचंय." मी म्हटलं, बसवतो.

तेवढ्यात वरून एक चप्पल आली. निळ्या पट्ट्याची, रबरी. धाडकन पडली नाही. टप, टप, टप करत, एकेका पायरीवर थांबल्यासारखी करून पुन्हा निघत खाली आली आणि माझ्या बुटाशी येऊन उलटी पडली. रांगेतले सगळे एकदम गप्प. सगळ्यांनी वर बघितलं. चप्पल आली तर मागून काय येतंय, हेच सगळ्यांच्या मनात.

काहीच आलं नाही. पण मी वळलो आणि म्हणालो, परत.

सुध्या, कड्याची भीती मला नाही वाटली. भीती वाटली ती रांगेची. तुला 27 ऑगस्ट 2003 ची कुंभातली चेंगराचेंगरी सांगायला नको. काळारामाकडून रामकुंडाकडे उतरणारा तो रस्ता, त्यात 39 माणसं गेली, आणि रस्ता तसा काही भयंकर नव्हता. तिथून तर आपण रोज सायकलवरून जायचो. त्या दिवशी तू हातात कुणाची तरी पिशवी घेऊन संध्याकाळपर्यंत मालक शोधत होतास. कातळ आहे तिथंच आहे, दोनशे वर्षांपूर्वी होता तसाच. 1818 मध्ये इंग्रजांचा कॅप्टन ब्रिग्ज किल्ल्यांच्या वाटा उडवत इथवर आला आणि या पायऱ्या बघून त्याचंही मन झालं नाही म्हणतात. त्याला जे जमलं नाही ते आपली रविवारची गर्दी करून दाखवेल.

तर परत. लगेच बडबड सुरू झाली. 900 रुपयांचं काय? एकानं विचारलं, "सर, तुम्हीच फॉर्मवर लिहून घेतलंय ना, स्वतःच्या जबाबदारीवर?" घेतलंय बाबा. मीच तो मजकूर केलाय, विमा विकून विकून ती भाषा हाताला बसलीय. पण त्या पोरानं सही केली ती घरी सोफ्यावर बसून, मोबाईलवर. ओल्या पायरीवर समोरून उतरणारा माणूस पोटाला घासून जातो तेव्हा काय वाटतं, हे त्याला ठाऊक तरी होतं का? तू, मी आणि बंड्या असतो तर मी तासभर थांबून वर गेलो असतो, खोटं कशाला बोलू? माझ्या जिवाचा हिशेब मला बरा-वाईट येतो. त्या बाईंचा हिशेब मी कुठल्या वहीत मांडू? त्यांना दरवाजात बसायला मिळालं असतं तर घरी जाऊन आणखी दहा वर्षं त्या ताठ चालल्या असत्या, ही रक्कम मी धरायची की नाही? मोडलेला पाय मोजता येतो. हे कसं मोजू?

आता ते दोघं. कॉलेजातली पोरं, आम्ही वळलो तशी मागच्या मागे सटकली. वर गेली, माथ्यावरच्या त्या कोठीच्या खिडकीतून शिरून फोटो काढले आणि आम्ही निरगुडपाड्यात भजी खात असताना ग्रुपवर टाकले. खाली हसत आली. मी तोंडभर शिव्या दिल्या. पण फोटो सुंदर होते रे. त्यांच्या पाठोपाठ एक अनवाणी मुलगा आला, बूट-मोजेवाल्या त्या गर्दीत मला नेमकं ओळखून विचारतो, "काका, एक चप्पल आली होती का खाली?"

दिली. त्यानं पायात घातली आणि गेला.

भजीवाल्या मावशी सगळं ऐकत होत्या. मी तावातावानं म्हणत होतो की पावसाळ्यात हे सगळं बंदच केलं पाहिजे. गेल्या वर्षी 30 जूनला भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच घरातले पाच जण वाहून गेले, मग पुण्यात मनाईचे हुकूम निघाले, इथंही काढा म्हणावं. त्यांनी कढईतून झारा न काढताच सांगितलं, "बंद नका करू भाऊ. मोजून सोडा." त्यांची सगळी कमाई या तीन महिन्यांची, हे खरं. पण त्या बोलल्या ते नुसतं पोटासाठी नव्हे. अकरापर्यंत फक्त चढणारे, मग फक्त उतरणारे, एका वेळी पायऱ्यांवर पंधरा माणसं, वर-खाली एकेक शिट्टीवाला पोरगा. दहा मिनिटांत मांडून दाखवलं. 2027 च्या कुंभाच्या बैठका चालतात, तिथं मावशींना बसवायला हवं. मी ते कागदावर उतरवून ग्रामपंचायतीला आणि वनखात्याला देणार आहे. तू इंग्रजी-मराठी दोन्ही नीट करून दे. तुझं शुद्धलेखन अजून माझ्यापेक्षा बरं असेल, जरी दहावीला मला दोन मार्क जास्त होते.

हे सगळं एवढं सांगितलं, आता खरं कारण. गाडीत मुक्ता शेजारी बसली होती. त्र्यंबक सुटल्यावर म्हणाली, "बाबा, तू घाबरलास ना?"

डिसेंबर 1999. मदनगडाचा तो पन्नासेक फुटांचा उभा कातळाचा पॅच, मी हार्नेस घालून तयार, आणि तू दोर हातातून सरकवता सरकवता थांबलास. "इथं मऊ लागतंय. परत फिरायचं." मी भर आंबेवाडीत, सगळ्यांसमोर तुला भेकड म्हणालो. पुढच्याच आठवड्यात दुसरा ग्रुप वर जाऊन आला, तर मी पेढे घेऊन तुझ्या घरी आलो. आणि 'मदनवीर' हे नाव तुझ्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा मीच घेतलं. वहिनींनी विचारलं, "हे काय?" आणि तू "काही नाही, गंमत" म्हणून जिलबी वाढायला गेलास. त्यांचा दोर वेगळा होता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मुक्ताला मी "हो" म्हणालो. तिनं पुढे काही विचारलं नाही, गाणी लावली.

काल तो दोर माळ्यावरून काढला. अजून आहे, आईच्या तांब्याच्या घंगाळात गुंडाळून ठेवला होता. पूर्ण उलगडला, हॉलभर. हिनं पाहिलं आणि न बोलता स्वयंपाकघरात गेली. बोटांनी चाचपत गेलो. नवव्या-दहाव्या हातावर एक जागा आहे, बोटभर, दाबली की आत जाते. पण पंचवीस वर्षं माळ्यावर, उंदरांच्या शेजारी. तेव्हाही ती तशी होती का, हे आता कोण सांगणार? तू तरी सांगू शकशील का? मी तेव्हा हात लावून बघितलंच नाही, एवढं मात्र पक्कं.

त्या बाईंचा आज फोन आला होता. पैसे परत नकोत म्हणाल्या, पुन्हा कधी नेणार ते सांगा. ऑक्टोबरमधला एक बुधवार धरलाय, पाऊस गेल्यावर. 34 नाही, आठ जण. तू येशील तर नऊ. पायऱ्या मोजायला तरी ये.

काकूंचा मोतीबिंदू झाला का? दुसरा डोळा आता थांबवू नका. चिरंजीवांना कुठे ॲडमिशन मिळाली ते कळव, आणि बदलीचं काय झालं तेही. वहिनींना नमस्कार. त्यांना ती जिलबीची गोष्ट आता सांगितलीस तरी चालेल, माझ्या नावानिशी.

दोर मी टाकलेला नाही. तू आलास की तीच जागा तुला दाखवतो, डोळे मिटून चाचप आणि सांग.

तुझा,
नंदू