बाबा, पेटी दुरुस्त करून घ्या

ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा डीप पर्पल आणि येस, दोघांनाही एकाच रात्री ऐकलं. दोन्ही रॉक बँड इंग्लंडचे, दोन्ही १९६८ सालचे, आणि सध्या अमेरिकेत एकत्र दौऱ्यावर आहेत. तिकीट महाग होतं, पण दादाच्या कॅसेटींवर ज्यांना ऐकत वाढले ती माणसं डोळ्यांदेखत वाजवणार म्हटल्यावर मी फार विचार केला नाही. आई, कानात बोळे घातले होते आणि शेवटपर्यंत काढले नाहीत, तेव्हा काळजी करू नकोस.

आधी येस वाजले. त्यांचे गिटारवाले स्टीव्ह हाऊ ७७ वर्षांचे आहेत, अंगानं अगदी काडी. 'राउंडअबाउट' सुरू झालं आणि माझ्या आजूबाजूचे पिकल्या केसांचे लोक उठून उभे राहिले. मूळच्या पाचांपैकी आज या बँडमध्ये एकही नाही. हाऊसुद्धा १९७० साली आलेले. बेस वाजवणारे क्रिस स्क्वायर २०१५ मध्ये गेले, पण त्यांच्या सुरांच्या सगळ्या जागा तशाच्या तशा ऐकू येत होत्या. बाबा, दर्ग्यातल्या गाण्याच्या सभेहून पहाटे घरी आल्यावर तुम्ही खाँसाहेबांच्या एखाद्या जागेबद्दल बोलत राहायचात, ते तेव्हा आठवलं.

मग डीप पर्पल. इयन पेस डावखुरे आहेत, त्यामुळे त्यांचे ड्रम इतरांच्या उलटे मांडलेले असतात. पहिल्या दिवसापासूनचे तेवढे ते एकच उरलेत. वय ७६. २०१६ मध्ये पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला होता, पण त्यांच्या हातातली सफाई पाहून तसं कुणाला वाटणार नाही.

बाबा, तुम्हाला खरं सांगायचंय ते त्यांचे गायक इयन गिलन यांच्याबद्दल. याच महिन्यात त्यांना ७९ वर्षं पूर्ण झाली. 'चाइल्ड इन टाइम' नावाच्या गाण्यात ते तरुणपणी तार सप्तकात अशी किंकाळी घ्यायचे की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. ते गाणं त्यांनी कधीच सोडून दिलंय. गाणं मात्र सोडलेलं नाही. जे गळ्याला झेपतं ते गातात, जिथे आवाज चढत नाही तिथे खालून जातात, आणि बाकीचे वाजवत असले की सरळ आत जाऊन विसावा घेतात. परत आले की लोक तितक्याच प्रेमानं टाळ्या वाजवतात. मी तर जोरजोरात वाजवल्या.

लहानपणी दादाच्या खोलीतून हाच गोंगाट यायचा तेव्हा तुम्ही दारात येऊन विचारलं होतंत, "ही पेटी कोण वाजवतंय रे?" ती पेटी म्हणजे हॅमंड ऑर्गन, आणि वाजवणारे जॉन लॉर्ड. ते २०१२ मध्ये वारले. त्यांच्या जागी २००२ पासून डॉन एअरी आहेत. परवा ते एकटेच बराच वेळ वाजवत होते. स्वर इतका भरलेला की छातीत घुमत होता. तुम्ही शेजारी हवे होतात.

'स्मोक ऑन द वॉटर' झालंच. आई, त्या गाण्याची गोष्ट खरी आहे. ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रू गावात दुसऱ्या एका कलाकाराचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याचा जळता बाण, उडवला आणि अख्खा कसिनो जळाला. यांची रेकॉर्डिंग तिथेच व्हायची होती. तळ्यावर पसरलेला धूर त्यांनी हॉटेलातून पाहिला आणि त्याचंच गाणं केलं.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "आता काळी दोनची पट्टी लागत नाही, भजनाला बसून कशाला हसं करून घ्यायचं." मला ते फार लागलं. पट्टी उतरवा. काळी एक नाही जमली तर पांढरी सात घ्या. मंडळातल्या कुणालाही खुपणार नाही, त्यांना तुम्ही समोर हवे आहात. पेटीचा भाता फाटलाय असं आई म्हणत होती. मिरजेत वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांची वाण नाही, या आठवड्यात दाखवून घ्या. पैसे मी पाठवतेय, नको म्हणू नका.

दिवाळीला मी येतेय. तेव्हा बसायचंच, मी टाळ धरते.

तुमची,
मनू