पाच शर्ट, तीन पँट

चि. मंगेश यास अनेक आशीर्वाद.

नोकरीवर रुजू व्हायला दहा शर्ट घेतो म्हणालास. दुकानात मशीनच्या आवाजात फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. गावाचे कपडे शिवता शिवता माझे केस पांढरे झाले, पण माझ्याजवळ एका वेळी दहा शर्ट कधी नव्हते.

पाच शर्ट घे आणि तीन पँट. रविवारी धुतले की आठवडा निघतो. पांढरा, फिका निळा, राखाडी हे कोणत्याही पँटवर चालतात, उरलेले दोन तुझ्या मनाचे. पँट गडद रंगाच्याच घे, बस-गाडीचा मळ दिसत नाही.

मागच्या दिवाळीला ऑफरमधून आणलेला मरून शर्ट आठवतो ना? पहिल्याच धुण्यात माझी बनियान गुलाबी झाली. तुझी आई म्हणाली, "काहून रे, शर्ट आणला का रंगाची पुडी?"

रेडिमेड घेताना आधी शर्ट उलटा कर. टीप बारीक हवी, इंचात बाराएक टाके. बगलेखाली माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडलेली नसेल तर पुढे ढिला करता येत नाही. कॉलर बोटांत मोडून पाहा. आतलं बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं कापड, हलकं असलं की चार धुण्यांत सुटतं आणि कॉलरवर फुगे येतात. मग कितीही इस्त्री फिरव, ते बसत नाहीत. कापड सुती आहे का याची शंका आली तर आतल्या कडेचा एक धागा काढून जाळ. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. हे घरी करायचं बरं, दुकानात नाही!

आपल्या वावरात कापूस, त्यामुळे मी सुतीकडूनच बोलणार. मे महिन्यात पारा 45 वर गेला की टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचं मिश्र कापड, अंगाला चिकटतं, हे तुला सांगायला नको. पण पुण्याच्या पावसात जाड सुती शर्ट दोन दिवस वाळत नाही, खोलीत कुबट वास सुटतो. म्हणून पाचांतले दोन टेरीकॉटचे असू दे.

शिवायचाच असेल तर 58 इंच पन्न्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड 1.60 मीटर पुरतं. 36 पन्न्याचं सव्वादोन ते अडीच लागतं. सुती असेल तर रात्रभर भिजवून, वाळवूनच शिंप्याकडे दे. दुकान टाकलं त्या वर्षी घाईत मी एका नवरदेवाचा शर्ट न भिजवता कापला. पहिल्या धुण्यात बाह्या मनगटाच्या दोन बोटं वर चढल्या. कापडाचे पैसे भरून दिले, पण तो माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही.

कॉलर झिजली म्हणून शर्ट टाकू नको. गावी येताना घेऊन ये. उसवून उलटी लावली की खालची कोरी बाजू वर येते.

दोन शर्ट मी शिवले आहेत, ट्रॅव्हल्सने पाठवतो. जादाची बटणं आतल्या पट्टीला टाचली आहेत. पँटसाठी कमरेचं माप कळव. मेसच्या जेवणाने कमी झालं असेल तरी खरंच कळव, आईला सांगणार नाही.

तुझे बाबा