घर घेतलंय, रागावू नका

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

फोनवर सांगायला दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा आईचा खोकला मध्ये आला, म्हणून लिहितेय. पालो आल्टोचं हे घर मी तीन आठवड्यांसाठी घेतलं होतं, ते आता वर्षभरासाठी घेतलंय. परवा सही केली. म्हणजे डिसेंबरात पुण्याला बदली मागणार होते, ती मागितलेली नाही. बाबा, लगेच फोन उचलू नका, आधी पुढचं वाचा.

भाडं जास्त आहे, पण गाडीचा हप्ता संपलाय आणि ऑफिस सायकलच्या अंतरावर आहे. हिशेब तीनदा मांडला, तुमच्याच पद्धतीने, वहीत.

वस्तीचं नाव ग्रीनमेडो. जोसेफ आइकलर नावाच्या बिल्डरने १९५४-५५ मध्ये बांधली. आधी तो लोणी-अंड्यांच्या धंद्यात होता. पुढे त्याने कॅलिफोर्नियात अशी अकरा हजारांच्या आसपास घरं बांधली. आई, काचेचं घर म्हणून तू घाबरलीस ना? रस्त्याच्या बाजूला जवळजवळ नुसती भिंतच आहे. काच सगळी मागे, परसाकडे. छताच्या लाकडी तुळया काचेवरून सरळ बाहेर जातात, त्यामुळे आत बसूनही अंगणात बसल्यासारखं वाटतं. मालकांनी भिंतींच्या लाकडावरचा जुना रंग महिनोन्महिने खरवडून काढलाय. आणि फरशी गरम असते! खालून गरम पाण्याच्या नळ्या गेल्यात. सकाळी अनवाणी उभी राहिले आणि थंडीत तू माझे पाय पदरात घेऊन बसायचीस ते आठवलं. उन्हाळ्यात मात्र हे सपाट छप्पर तापतं, आपल्या गच्चीखालच्या खोलीसारखंच.

बाबा, एक गोष्ट तुमच्यासाठी. त्या काळी इथे किती वस्त्यांत फक्त गोऱ्यांनाच घर मिळे. आइकलर घर विकताना वंश बघत नसे. बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेने भेदभावाविरुद्ध भूमिका घ्यायचं नाकारलं, तेव्हा १९५८ मध्ये त्याने तिचा राजीनामा दिला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माटुंग्याची ती खोली आपल्याला का मिळाली नाही, ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मला ठाऊक आहे, बाबा. आईने त्या दिवशी बांधलेलं सामान पुन्हा सोडलं, तेव्हा मी जागी होते. हे घर घ्यायला तेवढं कारण पुरेसं नाही, हे मलाही कळतं. तरी सही करताना तेच डोळ्यांसमोर होतं.

संध्याकाळी फिरायला जाते. रस्ते वळणावळणाचे, गाड्या कमी, बहुतेक घरं एकमजली. वस्तीचा स्वतःचा पोहण्याचा तलाव आहे. मिचेल पार्कचं वाचनालय चालत जाण्याजोगं आहे. आणि बाबा, पलीकडे अल्मा रस्त्याला लागून कॅलट्रेनचा मार्ग! २०२४ पासून विजेवर, दुमजली ईएमयू, म्हणजे आपल्या लोकलसारख्याच गाड्या. रात्री भोंगा ऐकू येतो. परळ वर्कशॉपची तुमची सगळी टोळी इथे आणून उभी करावीशी वाटते.

तुम्हाला सोडून मी इथे रमलेय असं मनात आणू नका. उलट, घर बघताना प्रत्येक खोलीत आधी तुमचेच गुडघे दिसत होते. एकही पायरी नाही. मार्चअखेरची तिकिटं बघून ठेवलीत, सहा महिने राहायचं. नाही म्हणायचं नाही.

तोवर ऐका. बाबांनी बीपीची गोळी नाश्त्यानंतर घ्यायची, आठवेल तेव्हा नाही. तीन मजले दिवसातून एकदाच, भाजी दादा आणेल, मी सांगितलंय त्याला. स्टुलावर चढून माळ्यावरचं काढायचं नाही, कुणीच. आई, खोकला सोमवारपर्यंत थांबला नाही तर एक्स-रे काढायचा. काढ्याने बरं वाटतंय हे ऐकणार नाही.

आणि रागावला असाल तर पत्रातून रागवा. फोनवर बाबा गप्प बसतात, ते मला सोसत नाही.

तुमची,
छोटी

ता. क. आई, परसातल्या लिंबाला लिंबं लगडलीत. लोणच्याला मिठाचं प्रमाण काय, ते कळव.